घूं, टकटक, खरखर, चीं!

गृहपाठ टाइप करत होतात तोवर कॉम्प्युटर कसा चिडीचूप होता! गेम सुरू केलात रे केलात, की टेबलाखालून आलाच आवाज, घूंऽऽ! कोण बरं ओरडतंय?

ते आहे ग्राफिक्स कार्ड, म्हणजे पडद्यावरची चित्रं तयार करणारा भाग. पडद्यावर आडवे १९२० आणि उभे १०८० ठिपके असतील, तर एका चित्रात २०,७३,६०० ठिपके झाले. गेममध्ये हे चित्र सेकंदाला ६० वेळा बदललं, तर दर सेकंदाला बारा कोटींहून जास्त ठिपक्यांचे रंग ठरवायचे! एवढी आकडेमोड करताना मोठी कार्डं २००-३०० वॅट वीज खातात आणि ती जवळजवळ सगळी उष्णता होऊन बाहेर पडते. ही उष्णता हटवायला कार्डावर पंखे असतात. बऱ्याच नव्या कार्डांचे पंखे कार्ड थंड असताना चक्क बंद असतात आणि ५०-६० अंश सेल्सिअसच्या आसपास फिरू लागतात. गृहपाठाच्या वेळची शांतता ही अशी!

पण सगळे आवाज सारखे नसतात. नीट कान द्या, अर्धा रोग तिथेच कळतो.

घूंऽऽ : हा वाऱ्याचा आवाज. समजा, पंख्याला ११ पाती आहेत आणि तो मिनिटाला १८०० फेरे घेतो. म्हणजे सेकंदाला ३० फेरे. ३० गुणिले ११, झाले हवेला ३३० दणके! हाच त्याचा सूर. फेरे निम्मे केले, तर सूर बरोबर एक सप्तक खाली उतरतो आणि आवाज साधारण १५ डेसिबलनी कमी होतो. पूर्वी शांत असलेला पंखा हल्ली फार घूं करत असेल, तर बहुतेक वेळा धूळ साचलेली असते. धुळीने हवेची वाट अडते, कार्ड तापतं आणि पंखा आणखी जोरात पळतो. २००३ साली आलेल्या जीफोर्स एफएक्स ५८०० अल्ट्रा या कार्डाचा पंखा तर इतका गोंगाट करायचा, की ते बनवणाऱ्या एनव्हिडिया कंपनीनेच त्याची टिंगल करणारा व्हिडिओ काढला. त्यात त्या कार्डाने चक्क पाचोळा उडवून दाखवला होता!

टकटक : सायकलच्या चाकात पुठ्ठा अडकवून तुम्ही टर्रर्र आवाज काढता ना? तसंच इथे होतं. एखादी सैल वायर पात्यांना लागत असते. वायर बाजूला बांधली, की काम झालं.

खरखर : पंख्याचा दांडा ज्यात फिरतो, ते बेअरिंग झिजलं किंवा त्यातलं तेल सुकलं, की पंखा कुरकुरतो. इथे धूळ झटकून भागत नाही. पंखा बदलावा लागतो, पण बऱ्याचदा अख्खं कार्ड बदलायची गरज नसते.

चींऽऽ : हा मोठा चकवा! पंख्याचे फेरे दाखवणारं सॉफ्टवेअर उघडा. फेरे शून्य, आणि चीं चालूच? मग पंखा निर्दोष आहे. कार्डावर तारेची छोटी वेटोळी असतात, त्यांना कॉइल म्हणतात. वीज झपाझप कमी-जास्त झाली, की ती थरथरतात आणि चिरकतात. गेमच्या सेटिंगमध्ये सेकंदाला ६० चित्रांची मर्यादा घातली, तर ही चीं बरेचदा कमी होते. कानाला त्रास होतो खरा, पण सहसा कार्डाचं काही बिघडत नाही.

हे सगळं तपासायला कॉम्प्युटरची पेटी, म्हणजे कॅबिनेट, मात्र घरातल्या मोठ्या माणसाबरोबरच उघडायचं. आधी कॉम्प्युटर बंद करून प्लग काढा. ब्लोअरने धूळ उडवताना पाती बोटाने धरून ठेवा. नाहीतर ती भलत्याच वेगाने फिरतात आणि बेअरिंगची वाट लागते. फिरत्या पंख्यात बोट किंवा पेन्सिल घालायची नाही, हे वेगळं सांगायला नकोच!

आता एक कोडं. तुमच्या घरातल्या छताच्या पंख्याला ३ पाती आहेत आणि तो मिनिटाला ३०० फेरे घेतो, असं धरा. त्याचे सेकंदाला किती दणके होतात? उत्तर काढलंत? आता हे लक्षात घ्या, की सेकंदाला साधारण २० पेक्षा कमी कंपनं माणसाला ऐकूच येत नाहीत. मग तुम्हाला ऐकू येतो तो आवाज नक्की कशाकशाचा? लावा डोकं!