जुन्या जिनात घरं का नकोत?

पाचोरा-जामनेरची आपली ‘पीजे’ रेल्वे ब्रॉडगेज होऊन बोदवडपर्यंत येणार आहे. जागेचे भाव वाढतील, घरभाडंही. म्हणून आत्ताच विचारतो: खान्देशातल्या बंद पडलेल्या जुन्या जिनांच्या, म्हणजे कापसातून सरकी काढण्याच्या कारखान्यांच्या, इमारती पाडायच्याच का? त्यांत परवडणारी घरं बसू शकतात.

व्हिएन्नात हे घडलंय. 1899 मध्ये पूर्ण झालेल्या गॅसच्या चार अवाढव्य टाक्या 1980च्या दशकात बंद पडल्या. विटांच्या बाहेरच्या भिंती राखून 2001पर्यंत आत शेकडो सदनिका आणि विद्यार्थ्यांचं वसतिगृह उभं राहिलं. मुंबईत म्हाडाने गिरण्यांच्या जागेवर कामगारांना घरं दिली, 2012ची सोडत 6,925 घरांची होती. ते मोलाचंच, पण बहुतेक गिरण्या जमीनदोस्त झाल्या, याचं मला वाईट वाटतं.

जिनाच्या शेडला उंची भरपूर असते, त्यामुळे पोटमाळा सहज बसतो. अडचण रुंदीची: मधल्या खोल्यांना उजेड-वारा पोचत नाही. तिथलं छप्पर काढून वाड्यासारखा चौक ठेवायचा, खोल्या त्याच्या भोवती. पत्र्याखाली उष्णता अडवणारा थर हवाच. आपल्याकडे मे महिन्यात पारा 45च्या आसपास जातो. स्ट्रक्चरल ऑडिट आधी, आणि मालकीची कागदपत्रं, जमीन वापरबदलाची परवानगी त्याच्याही आधी.

तुमच्या गावात असा जिन असेल तर फोटो पाठवा, कधी बंद पडला तेही कळवा. यादी करतोय.