अवधाण का येतं? शरीरातली लसिका संस्था कसं काम करते?

पायाला जखम झाली की कधीकधी जांघेत दुखरी गाठ येते. गावाकडे याला 'अवधाण' म्हणतात. ही गाठ म्हणजे सुजलेली लसिका ग्रंथी.

लसिका म्हणजे काय?
केशवाहिन्यांमधून पाझरलेला बराचसा द्रव परत रक्तात जातो. उरलेला, रोज साधारण ३ लीटर द्रव लसिकावाहिन्या गोळा करतात. हीच लसिका. काख, मान, जांघ इथल्या ग्रंथींमध्ये ती गाळली जाते. तिथल्या पांढऱ्या पेशी जंतूंशी लढतात, म्हणून ग्रंथी सुजते. पुढे मानेच्या तळाशी लसिका पुन्हा रक्तात मिसळते.

या प्रवासासाठी हृदयासारखा पंप नाही. वाहिन्यांचं आकुंचन, स्नायूंची हालचाल आणि श्वासोच्छ्वास यांमुळे ती पुढे सरकते. झडपा तिला मागे येऊ देत नाहीत.

हा मार्ग बिघडला तर?
हत्तीरोगात नेमकं हेच होतं. डासांमार्फत शिरलेले कृमी लसिकावाहिन्यांत राहतात आणि त्या खराब करतात. द्रव साचून पाय सुजतो. पण ही सूज अनेक वर्षांनी दिसते आणि वाढल्यावर पूर्ण उतरणं कठीण असतं.

म्हणूनच गडचिरोली, चंद्रपूरसारख्या जिल्ह्यांत मोहिमेत मिळणाऱ्या मोफत गोळ्या त्रास नसलेल्यांनीही घ्यायच्या असतात. २ वर्षांखालील मुलं, गर्भवती आणि गंभीर आजारी व्यक्तींना त्या देत नाहीत.

डॉक्टरांकडे कधी जावं?
गाठ काही आठवड्यांत गेली नाही, कडक लागली किंवा वाढत राहिली तर तपासणी करून घ्या.