पतिपत्नींची बालशाळा

पहाटेची विरार लोकल धरून आईबाप दोघेही मुंबईस चाकरीला जाऊ लागले, तेव्हा आजी-आजोबांवाचून राहणाऱ्या वसई-विरारच्या बिऱ्हाडांत मुलाला सांभाळणार कोण, या प्रश्नातच नामांकित बालशाळेची शाखा सपत्नीक चालविण्याच्या व्यवसायाचे बीज आहे. नाव, अभ्यासक्रम व शिक्षिकांची तालीम मूळ कंपनी देते. परंतु तिचे शुल्क व उत्पन्नातील हिस्सा चुकता करून जागेचे भाडे, सेविकांचे पगार आणि पालकांचा विश्वास सांभाळण्याची जोखीम दांपत्याच्याच शिरावर असते, व तोट्याच्या महिन्याचा हिशेब घरच्या ताटापर्यंत पोहोचतो. यास्तव १९३२ च्या भागीदारी कायद्यान्वये दस्तऐवज करून कामाची वाटणी आधीच लिहावी. बालशिक्षणाचा आदर्शही जवळच आहे: वसई-विरारच्याच जिल्ह्यात, बोर्डीस, ताराबाई मोडक व अनुताई वाघ यांनी १९४५ साली ग्रामीण बालशिक्षणाचे कार्य आरंभिले. शाखा घेऊ इच्छिणाऱ्यांनी करारनाम्यावर सही करण्यापूर्वी त्यांच्या या कार्याचे पुढचे केंद्र असलेले कोसबाड अवश्य पाहून यावे.