“बीट खाल्लं असेल काल!”

आमच्या घरातल्या आजाराची सुरुवात बीटाच्या कोशिंबिरीपासून झाली, असे सांगितले तर वाचकांना हसू येईल. पण झाले ते तसेच. २०२४ च्या आषाढात एके सकाळी मोरीत मला लालसर पाणी दिसले. विचारले तर हे म्हणाले, “अगं, बीट खाल्लं नव्हतं का काल?” खाल्ले होते खरे. दुखत नव्हते, खुपत नव्हते. दोन दिवसांत लघवी पुन्हा स्वच्छ झाली. मीही तो विषय सोडला.

मूत्राशयाच्या कर्करोगाची लबाडी ती हीच. रक्त दिसते, वेदना नसते, आणि रक्त आपोआप थांबते. श्रावणात ते पुन्हा दिसले तेव्हा गावातल्या डॉक्टरांनी जंतुसंसर्ग म्हणून गोळ्या दिल्या. मग दुसऱ्या गोळ्या. मग “खडा असेल.” दिवाळी आली नि गेली. सोनोग्राफीत गाठ दिसली तेव्हा मार्गशीर्ष उजाडला होता.

पुण्याच्या इस्पितळात दुर्बीण घालून गाठ खरवडून काढली. रिपोर्टला तीन आठवडे लागले, आणि आला तोही अर्धामुर्धा! रोग चिवट जातीचा, अस्तराखालच्या थरात शिरलेला. पण स्नायूत उतरला आहे की नाही ते सांगता येत नाही, कारण तपासलेल्या तुकड्यांत स्नायूच आला नव्हता. आता सगळे अडले ते ह्याच एका गोष्टीवर. स्नायू कोरा असेल तर मूत्राशय वाचवता येते. नसेल तर बहुधा ते काढूनच टाकावे लागते. म्हणून पुन्हा दुर्बीण. ती साधारण दोन ते सहा आठवड्यांत व्हायला हवी. आमची अकराव्या आठवड्यात झाली. एकदा खाट नव्हती, एकदा भूल देणारे डॉक्टर रजेवर, एकदा ह्यांचाच रक्तदाब चढलेला.

त्या अकरा आठवड्यांविषयीच मला लिहायचे आहे. ऑपरेशनच्या दिवशी नर्स असतात, डॉक्टर असतात. वाट पाहण्याच्या दिवसांत घरी आपण दोघेच! हे गॅलरीत तेच वर्तमानपत्र तीनतीनदा वाचीत. वन्संचा रोज फोन. शेजारच्या काकू कसलासा काढा घेऊन येत. तो मी त्यांच्यादेखत घेई आणि तुळशीला घालवेना म्हणून मोरीत ओती. आणि मी? मी सिगारेटी मोजत होते. तंबाखूतले विष मूत्रपिंडांतून गाळून मूत्राशयात साठते, हे मी कुठेसे वाचले होते. एका रात्री मी तडकून बोलले, “तीस वर्षं ओढल्यात, त्याचं हे फळ!”

हे बराच वेळ गप्प होते. मग म्हणाले, “आषाढात पहिल्यांदा नव्हतं गं ते. चैत्रातच दिसलं होतं. वैशाखात ताईचं लग्न होतं ना.”

मुलीचे लग्न निर्विघ्न पार पडावे म्हणून ह्यांनी तीन महिने एकट्याने ते रक्त पाहिले होते. मी उठले, दोघांचा चहा टाकला. सिगारेट हा शब्द त्यानंतर घरात निघाला नाही.

दुसऱ्या दिवशी मी एक वही केली. फोन केव्हा केला, कोण बोलले, कोणती तारीख दिली, सगळे त्यात. दर सोमवारी दहाला फोन. वही घेऊन डॉक्टरांसमोर बसले आणि “कधी होईल?” हे न विचारता “आणखी किती थांबलं तर धोका?” हे विचारले. त्यांनी वहीतल्या तारखा पाहिल्या, म्हणाले, “आता थांबायचं नाही.” आठ दिवसांत ऑपरेशन झाले. स्नायू कोरा निघाला.

पुढचे औषध ऐकून मी चकित झाले. बी.सी.जी.! १९२१ साली पॅरिसमध्ये तान्ह्या बाळाला क्षयाविरुद्ध पहिल्यांदा दिली तीच लस. अल्वारो मोरालेस ह्या डॉक्टरांनी १९७६ साली कॅनडातून तिचा मूत्राशयासाठीचा उपयोग जगापुढे मांडला. नळीने ती मूत्राशयात सोडतात, आणि अंगातली प्रतिकारशक्ती तिथे धावून येते. पण हे जंतू सावकाश वाढतात. कारखान्यात घाई करता येत नाही. २०१२ साली टोरांटोतल्या एका मोठ्या कारखान्याचे उत्पादन बंद पडले, तर देशोदेशी टंचाई झाली. आम्हालाही कुपीसाठी तीन आठवडे थांबावे लागले. वहीची आणखी दोन पाने भरली.

मग सहा आठवडे, आठवड्याला एक डोस. सकाळचा चहा बंद, ह्याचीच ह्यांना जास्त कुरकुर! औषध दोन तास धरून ठेवायचे, मधूनमधून कूस पालटायची. घड्याळ माझ्या हाती, “अहो, डावी कूस!” म्हटले की हे शाळकरी पोरासारखे वळत. घरी लघवी बसूनच करायची, आणि सहा तास दर खेपेला संडासात ब्लीच ओतून पंधरा मिनिटांनी पाणी सोडायचे. रात्री कणकण येई, जळजळ होई. मी पाय चेपीत बसे.

आता दर तीन महिन्यांनी दुर्बीण असते. पुढची परवा आहे. तारीख वहीत ह्यांनीच लिहिली आहे, आणि तिच्याखाली: “चहा चालेल का, विचारणे.”