जेट प्रवासाची पहिली वर्षे – लेखांक ७ : सह्याद्रीवरील उतरण

लांब पल्ल्याच्या पहिल्या जेट विमानांविषयी लिहिताना वेग, पल्ला आणि प्रवासीसंख्या यांचीच चर्चा अधिक होते. परंतु या विमानांनी वैमानिकांपुढे उभा केलेला एक अवघड प्रश्न उतरण्याचा होता, आणि तो समजून घेण्यासाठी जुन्नर-आंबेगावच्या डोंगराळ प्रदेशात ७ जुलै १९६२ रोजी, मध्यरात्र नुकतीच उलटून गेली असताना, घडलेल्या अपघाताचा अभ्यास आवश्यक ठरतो.

जून १९४८ मध्ये मुंबईहून लंडनला निघालेले एअर इंडिया इंटरनॅशनलचे ‘मलबार प्रिन्सेस’ हे पंख्याच्या इंजिनांचे कॉन्स्टलेशन विमान ताशी पाचशे किलोमीटरच्या आसपास वेगाने उडत असे. त्यानंतर दहा वर्षांच्या आत बोइंग ७०७ आणि डग्लस डीसी-८ ही विमाने तयार झाली, आणि त्यांचा वेग ताशी नऊशे किलोमीटरपर्यंत, म्हणजे मिनिटाला सुमारे पंधरा किलोमीटर इतका होता. जेट इंजिन विरळ हवेत कमी इंधनात अधिक अंतर कापते, म्हणून ही विमाने दहा ते बारा किलोमीटर उंचीवरून नेली जात आणि ती उंची शक्य तितका वेळ टिकवणे हाच काटकसरीचा मार्ग होता. डीसी-८च्या ‘४३’ या प्रकाराला रोल्स-रॉइसची कॉनवे इंजिने होती; आत घेतलेल्या हवेचा काही भाग ज्वलनकक्षाला वळसा घालून मागे सोडणारी, म्हणजे ‘बायपास’ पद्धतीची, प्रवासी सेवेत आलेली ती पहिली इंजिने. एअर इंडियाने मे १९६० मध्ये ज्या बोइंग ७०७ विमानांनी न्यूयॉर्कची सेवा सुरू केली, त्यांनाही कॉनवे इंजिनेच होती.

इतक्या उंचीवरून खाली यायचे तर उतरण फार आधी सुरू करावी लागते. वैमानिकांचा ठोकताळा असा की दर हजार फूट उतरण्यासाठी तीन सागरी मैल लागतात. एक सागरी मैल म्हणजे १.८५ किलोमीटर. पस्तीस हजार फुटांवरील विमानाने त्यामुळे विमानतळापासून सुमारे दोनशे किलोमीटर अलीकडेच उतरू लागले पाहिजे. पूर्वेकडून मुंबईला येणाऱ्या विमानाच्या बाबतीत ही जागा दख्खनच्या पठारावर येते, आणि विमानतळ व विमान यांच्यामध्ये सह्याद्री उभा असतो. कोकणाच्या सपाटीवर चार हजार फूट उंची निर्धोक असली, तरी जुन्नर-आंबेगावच्या पश्चिम भागात कित्येक डोंगरमाथे त्याच्या जवळपास पोहोचतात, आणि हरिश्चंद्रगड तर १,४२४ मीटर, म्हणजे साडेचार हजार फुटांहून उंच आहे.

अलितालिया कंपनीचे उड्डाण क्रमांक ७७१ सिडनीहून डार्विन, सिंगापूर, बँकॉक, मुंबई, कराची आणि तेहरान या मार्गाने रोमला जाणारे होते. बँकॉकहून निघालेले हे डीसी-८ विमान मुंबईपासून सुमारे ८४ किलोमीटर ईशान्येला, दावंड्याच्या डोंगरावर, सुमारे ३,६०० फूट उंचीवर आदळले आणि त्यातील ८५ प्रवासी व ९ कर्मचारी, असे सर्व ९४ जण मृत्युमुखी पडले. वरील ठोकताळा येथे लावून पाहावा : ८४ किलोमीटर म्हणजे सुमारे ४५ सागरी मैल, आणि तेवढ्या अंतरावर विमानाची उंची पंधरा हजार फुटांच्या आसपास असावयास हवी होती. जागतिक प्रमाणवेळेनुसार तेव्हा ६ जुलैच्या सायंकाळचे पावणेसात वाजत आले होते, त्यामुळे या अपघाताची तारीख काही नोंदींत ६ तर काहींत ७ जुलै अशी आढळते.

चौकशीत निघालेला निष्कर्ष असा की मार्गनिश्चितीतील चुकीमुळे वैमानिकाला आपण मुंबईच्या प्रत्यक्षाहून जवळ आलो आहोत असे वाटले आणि केवळ उपकरणांवर विसंबावे लागेल अशा हवामानात, रात्री, त्याने अकाली उतरण घेतली. उपलब्ध दिशादर्शक साधनांचा वापर न करणे, ठरवून दिलेली किमान सुरक्षित उंची न पाळणे आणि मार्गाखालील भूप्रदेशाची अनोळख ही साहाय्यक कारणे ठरली. हा निष्कर्ष योग्यच आहे, परंतु तो त्या काळातील साधनांच्या मर्यादांसह वाचला पाहिजे. रेडिओ दिशादर्शक केंद्र विमान कोणत्या दिशेला आहे हे सांगत असे. ते किती दूर आहे हे सांगण्यासाठी अंतरमापकाची वेगळी यंत्रणा लागे आणि ती सर्वत्र बसवलेली नव्हती. अंतराचा हिशेब म्हणूनच बराचसा वेग आणि वेळ यांवरून मांडला जाई, आणि जेटच्या वेगात चार मिनिटांची चूक साठ किलोमीटरची होते. उंचीदर्शक हवेच्या दाबावरून समुद्रसपाटीपासूनची उंची दाखवीत असे, त्यामुळे त्याचा आकडा अचूक असतानाही खालची जमीन किती जवळ आली आहे याचा पत्ता लागत नसे.

सर्व यंत्रे सुस्थितीत असलेले विमान वैमानिकाच्या नकळत जमिनीवर आदळण्याचे प्रकार जगभर घडत राहिल्याने डॉन बेटमन या कॅनेडियन अभियंत्याने भूसान्निध्याची सूचना देणारी यंत्रणा विकसित केली, आणि १९७०च्या दशकात अमेरिकेत मोठ्या प्रवासी विमानांवर ती बंधनकारक झाली. विमानाच्या पोटाखालून सोडलेल्या रेडिओलहरी जमिनीवरून परतण्यास लागणाऱ्या वेळावरून ती प्रत्यक्ष अंतर मोजते आणि ते वेगाने घटू लागताच इशारा देते. तिची नजर मात्र सरळ खाली असे, समोर नसे. सह्याद्रीसारख्या एकाएकी उभ्या राहणाऱ्या कड्यांपुढे इशारा आणि आदळ यांत अवघे काही सेकंद उरत. उपग्रहांवरून कळणारे विमानाचे स्थान आणि भूप्रदेशाचा साठवलेला नकाशा यांची सांगड घालून पुढचा डोंगर आधीच दाखवणारी सुधारित यंत्रणा विमानांत बसू लागली ती १९९०च्या दशकात.