मोत्याच्या डोळ्यांतला तानापिहिनिपाजा

इंद्रधनुष्याचे रंग पाठ करायला आपल्या सगळ्यांना एकच शब्द पुरला: तानापिहिनिपाजा. तांबडा, नारिंगी, पिवळा, हिरवा, निळा, पारवा, जांभळा. घर इंदूरचे असो, बेळगावचे असो की बडोद्याचे, आजीने नाहीतर शाळेतल्या बाईंनी हा शब्द शिकवलेला असतोच. पावसाची सर येऊन गेली, ऊन पडले आणि गच्चीवरून इंद्रधनुष्य दिसले, की आपण बोट दाखवून रंग मोजतो. शेजारी आपला मोत्याही उभा असतो. त्याला या सात अक्षरांपैकी किती दिसत असतील?

बऱ्याच घरांत याचे ठरलेले उत्तर आहे: “कुत्र्यांना सगळे काळे-पांढरेच दिसते.” ही समजूत इतकी जुनी आणि इतकी पक्की आहे, की कोणी तपासून बघण्याच्या फंदात पडत नाही. पण ती खरी नाही. कुत्र्यांना रंग दिसतात. ते आपल्यापेक्षा कमी आहेत आणि वेगळे आहेत.

दोन शंकू, तीन शंकू

डोळ्याच्या आत मागच्या बाजूला दृष्टिपटल असते. त्यावर प्रकाश टिपणाऱ्या दोन तऱ्हेच्या पेशी असतात. दंडपेशी मंद उजेडात काम करतात, पण त्यांना रंग कळत नाही. शंकूपेशी भरपूर उजेडात काम करतात आणि रंग ओळखतात. माणसाकडे शंकूपेशींचे तीन प्रकार आहेत. तिन्हींकडून आलेले संदेश मेंदू एकमेकांशी ताडून बघतो आणि त्यातून आपले सगळे रंग तयार होतात. अगदी कैरीचा हिरवा आणि पिकत आलेल्या आंब्याचा हिरवा यांतला फरकसुद्धा.

कुत्र्याकडे शंकूपेशींचे दोनच प्रकार आहेत. हे नक्की कसे कळले, ती गोष्ट मजेशीर आहे. १९८९ साली अमेरिकेत कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या सांता बार्बरा येथील शाखेत जे नाइट्झ, टिमोथी गाइस्ट आणि जेराल्ड जेकब्स यांनी तीन कुत्र्यांवर प्रयोग केले. दोन इटालियन ग्रेहाउंड होते आणि एक छोटा पूडल. कुत्र्यासमोर तीन उजळलेल्या चौकटी असत. दोन एका रंगाच्या, तिसरी वेगळ्या रंगाची. वेगळी चौकट ओळखून तिला नाक लावले की खाऊ मिळे.

यात एक मेख होती. कुत्रा रंगावरून न ओळखता, ‘ही चौकट जरा जास्त उजळ आहे’ एवढ्यावरूनच उत्तर देत असला तर? म्हणून चौकटींचा उजळपणा सतत, कसाही बदलत ठेवला. म्हणजे बरोबर उत्तर द्यायला रंगाशिवाय दुसरा आधारच उरला नाही. तरीही कुत्र्यांनी बरोबर उत्तरे दिली, पण काही ठरावीक रंगांच्या बाबतीतच. त्यावरून त्यांच्या शंकूपेशींचा हिशेब लागला. एक प्रकार सुमारे ४२९ नॅनोमीटर लांबीच्या प्रकाशलहरींना, म्हणजे निळ्या-जांभळ्या प्रकाशाला, सर्वांत जास्त प्रतिसाद देतो. दुसरा सुमारे ५५५ नॅनोमीटरला, म्हणजे पिवळसर हिरव्या प्रकाशाला.

सातांतले उरले किती?

आता इंद्रधनुष्याकडे परत बघू. तांबडा, नारिंगी, पिवळा आणि हिरवा हे आपले चार रंग. मोत्याला ते चारही एकाच कुटुंबातले वाटतात: कुठे मळकट मोहरी, कुठे पिवळट, कुठे फिकट. त्यांतला लाल तर आणखी अंधारलेला दिसतो. हिरवा संपून निळा सुरू होतो तिथे, सुमारे ४८० नॅनोमीटरपाशी, त्याला रंगच दिसत नाही, नुसती राखाडी पट्टी दिसते. त्यापुढचे निळा, पारवा आणि जांभळा म्हणजे निळ्याच्याच छटा. थोडक्यात, आपल्या सात अक्षरांतून त्याच्या वाट्याला दोनच येतात, ‘पि’ आणि ‘नि’.

असे जग बघणारी माणसेही आपल्यात आहेत. लाल-हिरव्यात गोंधळ होणारी रंगांधता मुलींपेक्षा मुलांमध्ये पुष्कळ जास्त आढळते. ती बहुतेक वेळा जन्मजात असते आणि आईकडून मुलाकडे येते. तिच्या तीव्र प्रकारात माणसाचेही शंकूपेशींचे दोनच प्रकार काम करतात. म्हणून घरातल्या एखाद्या मुलाने झाडाची पाने तपकिरी रंगवली, तर ‘लक्ष नसते तुझे’ म्हणून रागावण्याआधी त्याचे डोळे तपासून घ्या. रंगीत ठिपक्यांत लपलेले आकडे वाचायची इशिहारा चाचणी काही मिनिटांत होते. रेल्वेचे इंजिन चालवण्यासारख्या कामांसाठी रंगदृष्टीची कसून तपासणी होते. ते मुलाला विसाव्या वर्षी अर्ज भरताना कळण्यापेक्षा दहाव्या वर्षी कळलेले बरे.

लाल चेंडू आणि हिरवे गवत

दुकानात कुत्र्यांची खेळणी बघा. लाल आणि केशरी रंग हटकून दिसतात, कारण विकत घेणारे डोळे माणसाचे असतात. हिरव्या गवतात लाल चेंडू आपल्याला लगेच दिसतो. मोत्याला मात्र मळकट पिवळ्या चादरीवर तसलाच मळकट, जरा गडद गोळा दिसतो. चेंडू घरंगळत असेपर्यंत ठीक चालते. तो थांबला, की मोत्या त्याच्या जवळून पुढे निघून जातो आणि मग नाक जमिनीला लावून शोधू लागतो. आपण हसतो, ‘समोर तर आहे, वेड्या!’ निळा चेंडू आणून बघा, त्याचे काम बरेच सोपे होईल.

पण दोन-तीन रंग दिसले काय आणि न दिसले काय, कुत्रा रंगाकडे लक्ष तरी देतो का? हा प्रश्न मॉस्कोतल्या संशोधकांनी घेतला आणि त्यांचा निबंध २०१३ साली प्रसिद्ध झाला. समजा, एका कुत्र्याला शिकवले की गडद पिवळा कागद लावलेल्या पेटीत खाऊ असतो आणि फिकट निळ्या कागदाच्या पेटीत नसतो. तो हे शिकला. पण तो नेमके काय शिकला, ‘पिवळा’ की ‘गडद’? मग त्याच्यापुढे फिकट पिवळा आणि गडद निळा कागद ठेवला. बहुतेक वेळा कुत्रे रंगाच्या मागे गेले, गडदपणाच्या नाही. म्हणजे जे दोन रंग त्यांच्याकडे आहेत, ते त्यांना उपयोगी पडतात.

अंधारात चमकणारे डोळे

रात्री गाडीचा दिवा पडला की कुत्र्याचे डोळे हिरवट-पिवळे चमकतात. त्यात भुताटकीचे काही नाही. त्याच्या दृष्टिपटलामागे आरशासारखा एक थर असतो. पहिल्या फेरीत न टिपला गेलेला प्रकाश तो पुन्हा पेशींकडे परतवतो. शिवाय दंडपेशी भरपूर आणि बाहुली मोठी. त्यामुळे दिवेलागणीनंतर, जिथे आपण चाचपडतो, तिथे मोत्या बिनधास्त फिरतो.

याची किंमत त्याला रेखीवपणात मोजावी लागते. सर्वसाधारण माणसाला जी आकृती २२ मीटरवरून स्पष्ट ओळखता येते, ती ओळखायला कुत्र्याला साधारण ६ मीटरवर यावे लागते. अगदी जवळचेही त्याला धूसर दिसते. नाकापुढे टाकलेला बिस्किटाचा तुकडा त्याला सापडतो तो नाकामुळे.

हालचालीच्या बाबतीत मात्र तो तरबेज आहे. पोलिसांच्या कुत्र्यांवरील एका जुन्या प्रयोगात, त्यांतले सर्वांत चांगल्या नजरेचे कुत्रे हलणारी वस्तू ८०० मीटरहून अधिक अंतरावरून ओळखत. तीच वस्तू स्थिर असली, तर त्यांना ६०० मीटरच्या आत यावे लागे. त्याच्या नजरेचा पल्लाही रुंद आहे. आपल्याला समोर धरून सुमारे १८० अंशांतले दिसते, तर बहुतेक कुत्र्यांना सुमारे २४० अंशांतले.

मुधोळची नजर

सगळ्या कुत्र्यांची नजर सारखी नसते, आणि याचे उत्तम उदाहरण सीमाभागातल्या वाचकांच्या जवळच आहे. बागलकोट जिल्ह्यातले मुधोळ हे एकेकाळी घोरपडे घराण्याचे संस्थान. तिथला मुधोळ हाउंड, म्हणजेच कारवान कुत्रा, उंच, सडपातळ आणि लांब तोंडाचा. तो नजरेने शिकार हेरून वेगाने पाठलाग करणाऱ्या जातींतला. राजे मालोजीराव घोरपडे यांनी या जातीला आश्रय देऊन ती जोपासली. २००५ मध्ये टपाल खात्याने देशी कुत्र्यांवर तिकिटे काढली, त्यांत मुधोळ होता. पुढे भारतीय लष्करानेही या जातीच्या कुत्र्यांना प्रशिक्षण दिले.

तोंडाची लांबी आणि नजर यांचा खरोखर संबंध आहे. ऑस्ट्रेलियातील संशोधकांना २००४ साली असे आढळले, की लांब तोंडाच्या कुत्र्यांच्या दृष्टिपटलावर मेंदूकडे संदेश नेणाऱ्या पेशींची दाटी एका आडव्या पट्ट्यात असते. सगळे क्षितिज एका नजरेत घ्यायला ही रचना सोयीची. पगसारख्या चपट्या तोंडाच्या कुत्र्यांत ही दाटी पट्ट्यात न पसरता मधोमध एका ठिकाणी गोळा झालेली असते. म्हणून सोफ्यावरचा पग आणि मुधोळच्या माळावरचा कारवान एकाच दृश्याकडे बघत असले, तरी दोघांना ते सारखेच दिसते असे नाही.

नाकाने बघणे

कुत्र्याच्या नजरेतल्या उणिवा मोजताना त्याचे नाक विसरून चालणार नाही. २०२२ मध्ये अमेरिकेतील कॉर्नेल विद्यापीठातल्या संशोधकांनी कुत्र्यांच्या मेंदूचे एमआरआय काढले. वास घेणारा भाग आणि दृष्टीचे काम बघणारा मागचा भाग यांना थेट जोडणारे मज्जातंतू त्यांना दिसले. म्हणजे कुत्र्याच्या मेंदूत वास आणि दृश्य यांची गाठ पडते. दृष्टी गेलेले कुत्रे घरात सफाईने कसे वावरतात, याचा काही उलगडा यातून होतो.

म्हणून फिरायला नेल्यावर मोत्या खांबापाशी थांबला, तर साखळी ओढून त्याला लगेच पुढे नेऊ नका. तो खांब म्हणजे त्याच्यासाठी गल्लीचा सूचनाफलक आहे. कोण येऊन गेले, कधी गेले, ओळखीचे की परके, हे सगळे त्याला तिथे कळते. त्याला दोन मिनिटे वाचू द्या.

मुलांनो, हे लक्षात ठेवा

ही माहिती नुसती गमतीची नाही. रस्त्यावरच्या कुत्र्यापुढे मुले घाबरून पळतात, आणि पळणारी वस्तू ही तर त्याच्या नजरेत सर्वांत आधी भरणारी वस्तू. अशा वेळी पळू नका, ओरडू नका. हात अंगाशी धरून झाडासारखे स्तब्ध उभे राहा, त्याच्या डोळ्यांत रोखून बघू नका. तो निघून गेला की हळूच मागे सरका.

झोपलेल्या किंवा जेवणाऱ्या कुत्र्याला हात लावू नका. ओळखीच्या कुत्र्यालाही मागून जाऊन एकदम थोपटू नका. रेनकोट आणि हेल्मेट घालून आलेल्या बाबांवर घरचाच कुत्रा भुंकतो, तो उद्धटपणा नसतो. बाबांची नेहमीची आकृतीच बदललेली असते. हाक मारा, आवाज आणि वास पोहोचू द्या, तो शेपूट हलवू लागेल.

आणि कुत्रा चावला किंवा त्याचा दात नुसता ओरबाडून गेला, तरी घरच्यांपासून लपवू नका. जखम साबण लावून वाहत्या पाण्याखाली १५ मिनिटे धुवा आणि त्याच दिवशी डॉक्टरांकडे जा. रेबीजची लक्षणे एकदा दिसू लागली, की माणूस वाचणे जवळजवळ अशक्य. वेळेवर घेतलेली लस मात्र जीव वाचवते.

रंगपंचमीचेही सांगायला हवे. इंदुरात राजवाड्यापुढे गेर निघते तेव्हा आसमंत गुलालाने लाल होतो. तो लाल आपल्यासाठी आहे, मोत्यासाठी नाही. त्याच्या डोळ्यांत रंग जाऊन ते चुरचुरतात, आणि अंग चाटताना तोच रंग पोटात जातो. त्या दिवशी त्याला घरातच राहू द्या.

घरातला कुत्रा म्हातारा झाला असेल, तर त्याच्या डोळ्यांत निळसर धुरकटपणा दिसू लागतो. तो दर वेळी मोतीबिंदूच असतो असे नाही. वयामुळे भिंग घट्ट होऊनही तसे दिसते आणि त्यात नजर फारशी कमी होत नाही. फरक पशुवैद्यच सांगू शकतात, म्हणून दाखवून घ्या. नजर खरोखरच गेली असेल, तर पाण्याचे भांडे, अंथरूण आणि खुर्च्या यांच्या जागा बदलू नका. घराचा नकाशा त्याला पाठ असतो.

सुट्टीत करून बघा

एकाच आकाराचे, एकाच दुकानातले दोन नवे चेंडू घ्या, एक निळा आणि एक लाल. दोन्ही सारख्याच वेळ हातात धरा, म्हणजे वास सारखा राहील. मोत्या बघत नसताना ते गवतात पाच-सहा पावलांवर ठेवा आणि मग त्याला सोडा. कोणता आधी सापडला, ते वहीत लिहा. दर वेळी चेंडू पुसा आणि त्यांच्या जागा बदला, नाहीतर तो रंगाऐवजी जागाच पाठ करेल. एकदा-दोनदा करून निष्कर्ष काढू नका, निदान वीस वेळा करा.

कॅलिफोर्नियातल्या शास्त्रज्ञांनीही मुळात हेच केले होते: कुत्र्याला प्रश्न विचारला, फसवणुकीच्या वाटा बंद केल्या आणि उत्तर मिळेपर्यंत धीर धरला. मोत्या कंटाळला तर मात्र थांबा, त्याला खाऊ द्या आणि उरलेला प्रयोग उद्या करा.