पन्नास ग्रॅम भाजी

तमिळनाडूत कुंभकोणमपासून वीसेक किलोमीटरवर, वेट्टार नदीकाठी तिरुक्करुगावूर हे गाव आहे. इथल्या देवीचं नाव गर्भरक्षांबिका. मूल व्हावं म्हणून, राहिलेला गर्भ टिकावा म्हणून दूरदूरची जोडपी तिच्या पायाशी येतात. कुणी प्रसादाचं तूप घेऊन जातं, कुणी बाळंतपण सुखरूप व्हावं म्हणून एरंडेल. पोटातल्या जिवासाठी एवढा जीव टाकणारी आपण माणसं. तोच जीव सहा वर्षांचा होऊन शाळेत बसला की दुपारी त्याच्या ताटात काय पडतं, हे मात्र फारसं विचारत नाही.

तमिळनाडूने हे विचारलं. १९५६ मध्ये मुख्यमंत्री कामराजांनी शाळेत जेवण सुरू केलं, १९८२ मध्ये मुख्यमंत्री एम.जी.आर. यांनी ते पौष्टिक आहार योजना म्हणून राज्यभर नेलं आणि सप्टेंबर २०२२ पासून सकाळची न्याहारीही आली. आपल्याला अभिमान वाटावा अशी एक गोष्ट याच मुलखात त्याही आधी घडली होती. तंजावरच्या सरफोजीराजांना आपण ग्रंथालयासाठी ओळखतो. पण ओरत्तनाडला त्यांनी उभारलेल्या मुक्तांबाळ छत्रात वाटसरूंना अन्न मिळे आणि मुलांना विद्येबरोबर जेवणही. शाळा आणि चूल शेजारीशेजारी असावी, हे त्या मराठी राजाला दोनशे वर्षांपूर्वी उमगलं होतं.

आता आपल्याकडे बघू. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या २०१९-२१ च्या फेरीत महाराष्ट्रातली पाच वर्षांखालची ३५.२ टक्के बालकं वयाच्या मानाने खुजी आढळली आणि ६८.९ टक्के बालकांच्या अंगात रक्त कमी होतं. हीच बालकं पुढे पहिलीच्या वर्गात येतात. शालेय पोषण आहारात प्राथमिकच्या मुलाला रोज १०० ग्रॅम धान्य, २० ग्रॅम डाळ आणि ५० ग्रॅम भाजी ठरलेली आहे. धान्य सरकारकडून येतं. डाळ, भाजी, तेल, मसाला, इंधन या सगळ्यांसाठी मे २०२५ पासूनचा दर आहे मुलामागे दिवसाला ६ रुपये ७८ पैसे. मंडईत भाव चढले की ओढाताण सगळ्यात आधी भाजीची होते.

म्हणून शाळेच्या परसबागेकडे मी हौस म्हणून पाहत नाही. केंद्राने २०१९ मध्ये शाळांच्या पोषणबागांसाठी मार्गदर्शक सूचना काढल्या. जागा नसेल तर गच्चीवर, डब्यांत, पिशव्यांत लावा, असंही त्यांत आहे. आपल्या राज्यात परसबागांच्या स्पर्धाही होतात. स्पर्धा होऊ द्याव्यात. पण बागेची परीक्षा फलकावरच्या रंगकामाने करू नये, वजनकाट्याने करावी. दोनशे मुलांना ५० ग्रॅमप्रमाणे रोज दहा किलो भाजी लागते. गच्चीवरची बाग तेवढी देणार नाही. भूक भागवायची जबाबदारी सरकारची आहे आणि ती मुलांच्या कुंड्यांवर ढकलता येणार नाही. बागेचं काम वेगळं आहे : पालेभाजी, कोथिंबीर, मुळा, शेवगा. अंगात रक्त धरायला लागणारं आणि पैसे कमी पडले की ताटातून आधी नाहीसं होणारं.

शहरात माती कुठून आणायची, हा प्रश्न महाराष्ट्रात सुटलेला आहे. श्री. अ. दाभोलकरांच्या प्रयोग परिवाराने पाचटातून, पालापाचोळ्यातून हलकी, सुपीक माती घरच्या घरी करायला शिकवलं. त्याच वाटेने प्रीती पाटील यांनी २००२ मध्ये मुंबई पोर्ट ट्रस्टच्या उपाहारगृहाच्या गच्चीवर, तिथल्याच ओल्या कचऱ्यावर बाग फुलवली. उपाहारगृहाला जे जमलं ते शाळेलाही जमेल. मुलं जेवून हात धुतात ते पाणी वाफ्याकडे वळवलं तरी निम्मी चिंता मिटते.

खरी अडचण पुढे आहे. शहरातल्या बहुतेक शाळांत आता चूलच नाही. खिचडी केंद्रीय स्वयंपाकगृहात शिजून डब्यांतून येते. मग मुलांनी खुडलेला पालक टाकायचा कोणत्या पातेल्यात? माझं उत्तर आहे कोशिंबीर. मुळा, काकडी, टोमॅटो, गाजर, मूठभर मोड आणि वरून कोथिंबीर. तिला ना पातेलं लागतं ना विस्तव. हे मी हलकेपणाने म्हणत नाही. १६ जुलै २००४ ला कुंभकोणममधल्या एका शाळेत जेवणाच्या स्वयंपाकघरातून आग भडकली, छपराला लागली आणि ९४ मुलं गेली. बाग मुलांनी चालवावी. आगीजवळ फक्त मोठ्यांनी जावं, हा नियम आपण त्या शाळेकडून कायमचा घ्यायला हवा. पालक, माठ, मेथी जास्त आली तर त्यांच्या जुड्या बांधून पाळीपाळीने घरी द्याव्यात. ज्या घरात रात्री नुसता भात-आमटी शिजते, तिथे त्या जुडीची किंमत कळते.

बाग मुलांनी चालवावी म्हणजे काय? गुरुजींनी आखलेल्या वाफ्याला मुलांनी पाणी घालणं नव्हे. काय पेरायचं हे टोळीने ठरवायचं, बियाणं मोजायचं, तारीख लिहायची, तोडलेली भाजी काट्यावर ठेवून वहीत टिपायची. मेथी महिन्याभरात हाती येते. तिसरी-चौथीच्या मुलाला तेवढं थांबता येतं. नई तालीम या शिक्षणपद्धतीने १९३७ मध्ये वर्ध्यातून हेच मांडलं होतं, आणि सेवाग्रामच्या आनंद निकेतन शाळेत शेती नि स्वयंपाक आजही अभ्यासाचाच भाग आहेत. मे महिन्यात मात्र बहुतेक बागा वाळून जातात. यावर उपाय झाडांचाच : सुट्टीत फारशी विचारपूस न मागणारे शेवगा, हादगा, कढीपत्ता कुंपणाला हवेतच. तमिळ घरांत शेवग्याचा पाला हक्काची भाजी आहे. आपल्याकडे कोकणात गोकुळाष्टमीला ती होते, एरवी आपण शेंगा खाऊन पाला टाकून देतो.

पावसाच्या तोंडावर शेवग्याची मनगटाएवढी जाड, हातभर लांब फांदी घ्या आणि जवळच्या महापालिका शाळेच्या कुंपणाशी मुलांच्या हातून लावा. आणि त्या शाळेत गेलात की बागेच्या फोटोऐवजी वजनाची वही दाखवायला सांगा.